चियांग माईच्या भंतेजींना, नागपूरहून आभारपत्र

नागपूर

आदरणीय भंतेजी,
त्रिवार वंदन आणि सप्रेम जयभीम.

फोनवर आभार मानून भागलं असतं. पण धम्मसेवा म्हणून थायलंडला जाऊन सामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्खूंना, इंग्रजी शिकवावं, जमलं तर देशही पाहावा, असा विचार नागपूर-कामठीकडे आणखी बरेच उपासक-उपासिका करताहेत. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला आम्ही असंच शिकवून आलो; त्यासाठी आपण जे केलंत ते त्यांनाही कळावं, म्हणून हे उघड पत्र.

पहिले आभार तारखांबद्दल. शिक्षक माणूस परदेशी जायचं म्हटलं की दिवाळीची सुट्टी धरतो. आपण ती लगेच खोडलीत. तिथल्या शाळांचं पहिलं सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि दुसरं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत असतं. ऑक्टोबरात गेलं तर वर्गाला कुलूप. एप्रिलातही तेच, शिवाय सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची, गर्दी आणि उत्तरेकडे जाळलेल्या रानांचा धूर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, हे आपण तिकडे राहूनही विसरला नाहीत आणि मेअखेर ते जूनचा मध्य हा काळ सुचवलात. पाऊस असतो, पण नागपूरचं मेमधलं ऊन सोसणाऱ्याला त्याचं काय!

कागदपत्रांच्या बाबतीत आपण कडक राहिलात, तेही बरं झालं. फिरायला म्हणून जायचं आणि वर्गात उभं राहायचं, असं करणारे गट असतात. बिनपगारी शिकवणंही तिथे काम धरलं जाऊ शकतं, आणि मग पाहुण्यांइतकीच बोलावणाऱ्या विहाराचीही पंचाईत होते. म्हणून आधी शाळेचं निमंत्रणपत्र, त्यात तारखा आणि तास. मग त्या पत्राच्या आधारे कोणता व्हिसा लागेल ही थाई दूतावासाकडे लेखी विचारणा. तिकिटं सगळ्यांत शेवटी. नावांवर आपण दिलेला जोर किरकोळ वाटतो, पण नाही. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आधारवर मधे असतं आणि पासपोर्टवर कधी असतं, कधी नसतं. पत्र, व्हिसा आणि तिकीट, तिन्हीकडे पासपोर्टवर आहे तस्सं नाव हवं. १ मे २०२५ पासून लागू झालेलं डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की सरळ बंद करायचं.

आता मुख्य गोष्ट. सकाळी वर्ग आणि दुपारी स्थळदर्शन, अशी आखणी कोणीही करेल. आपण दोन्ही एकत्र बांधून दिलंत: विहार दाखवायचा तो सामणेरांनी, आणि इंग्रजीत. पाहुण्यांना ठिकाण खरोखर माहीत नसतं, सामणेरांना असतं; त्यामुळे बोलण्याला कारण मिळतं. फळ्यावरच्या संवादाला ते कधीच मिळत नाही.

पद्धत इतरांसाठी लिहून ठेवतो. चार सामणेरांमागे एक शिकवणारा. आदल्या दिवशी स्थळाचे आठ फोटो, पोस्टकार्डाएवढे. प्रत्येक फोटोमागे एक वाक्य, सात-आठ शब्दांच्या आत. वाक्य सामणेराने बनवायचं, आपण फक्त अडलेला शब्द पुरवायचा. मग फोटो पिसायचे आणि हाती येईल त्या क्रमाने सांगायला लावायचं, कारण क्रम तोच राहिला की पाठांतर होतं आणि मधे प्रश्न आला की गाडी अडते. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जागेवर ऐकणाऱ्याने कधी, कोणी, का, एवढंच विचारायचं. बोलणं चालू असताना चूक सुधारायची नाही. वहीत टिपायची, आणि परतल्यावर वर्गात फक्त दोन चुका घ्यायच्या. आपल्या शिक्षकांना हेच सर्वांत जड जातं. ‘इज नाही, वॉज’ हे ओठांवर तयार असतं. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न बादच. उत्तर कायम ‘येस’ येतं, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून. त्यापेक्षा ‘दाखवा’, ‘मोजा’, ‘बोट ठेवा’ म्हणावं.

या पद्धतीतली एक अडचण आपण आधीच सांगून ठेवली होती. चियांग माईतल्या वाट चेदी लुआंगच्या (‘वाट’ म्हणजे विहार) स्तूपासमोर सामणेर शांतपणे सांगतो, की २०८८ साली भूकंप झाला आणि स्तूपाचा वरचा भाग कोसळला. पाहुणे एकमेकांकडे बघत राहतात. थायलंडचं बुद्धवर्ष इसवी सनात ५४३ मिळवून येतं. भूकंप १५४५ चा. शहराची स्थापना १२९६ ची, म्हणजे त्यांच्या हिशेबाने १८३९. फोटोमागे दोन्ही सनं लिहून घेतली, की वजाबाकी करता करता इंग्रजी आकडे पक्के होतात. आकड्यांचा याहून चांगला सराव आम्हाला ठाऊक नाही.

उच्चारांबद्दल थोडं. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘ल’ टिकत नाही: ‘राइस’चा ‘राइ’ होतो, ‘फुटबॉल’चा ‘फुटबॉन’. शंभरदा ‘राइस’ म्हणवून घेतलं तरी उपयोग नाही. पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडायचा, ‘राइस इज हॉट’. ‘स’ पुढच्या अक्षराला चिकटतो आणि सहज उमटतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मात्र मराठी माणसाने शिकवायला जाऊ नये. आपल्या तोंडी दोन्हींचा ‘व’च होतो आणि त्यांच्याही तोंडी एकच. तिथे ध्वनिफीत लावावी आणि गप्प बसावं. पहिल्या तासाची सुरुवात त्रिसरणाने करण्याची आपली सूचनाही अशीच पक्की. आपलं ‘बुद्धं सरणं’ आणि त्यांचं ‘फुत्थांग सरणांग’ एकत्र सुरू झालं की दोन्हीकडचे हसतात आणि संकोच जातो.

विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचरणाचे, नियम आपण एका पानावर पाठवलेत. ते पान नसतं तर घोटाळे नक्की होते. टाळी देण्याचे खेळ बंद, कारण उपासिकांनी सामणेरांना स्पर्श करायचा नाही. कार्डं हातात द्यायची नाहीत, टेबलावर ठेवायची. शाबासकी म्हणून डोक्यावर हात तर कोणीच ठेवायचा नाही. आणि संत्रा बर्फी! नागपूरहून दुसरं काय नेणार? पण खवा म्हणजे अन्न. भिक्खू-सामणेरांना माध्यान्हानंतर ते चालत नाही. सकाळच्या भोजनदानात द्यावी आणि पोहोचल्यावर लगेच द्यावी, तिथल्या दमट हवेत ती टिकत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वाट चेदी लुआंगच्या आवारात नगरस्तंभाची इंथाखिन वास्तू आहे, तिथे स्त्रियांना प्रवेश नाही. आमच्यातल्या उपासिकांना हे पटलेलं नाही, आणि बाबासाहेबांच्या लेकींना ते पटावं अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण आपण आधी सांगितलंत, म्हणून दारावरची पाटी वाचून कोणाचा अवमान झाला नाही. काहीजण ती वास्तू पाहत होते, तेवढ्या वेळात बाकीचे ‘मंक चॅट’च्या टेबलाशी बसले. पाहुण्यांनी भिक्खू-सामणेरांशी मोकळं इंग्रजी बोलावं, यासाठीच ती जागा आहे.

प्रवासाचं आपण सांगितल्याप्रमाणेच केलं: नागपूर-हावडा रेल्वे, कोलकात्याहून बँकॉक, पुढे रात्रीची गाडी. जाणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. तिकीट बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाचं आहे की डॉन म्युआंग विमानतळाचं. आणि चियांग माईची गाडी आता बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकाहून नाही, क्रुंग थेप आफिवात स्थानकाहून सुटते. वाटेत अयुथ्थयाला उतरणाऱ्यांनी वाट महाथातमधल्या झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धशिरासमोर खाली बसूनच फोटो काढावा. आपलं डोकं त्याहून वर जाता कामा नये.

आता आपली परवानगी हवी. आठवड्यातून एकदा ऑनलाइन सराव चालू ठेवावा म्हणतो. थायलंडची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे साडेसात. सायंवंदना तोवर आटोपत असेल, तर कोणता वार सोयीचा ते कळवावं. नवीन फोटो-कार्डांचा संच वाट फ्रा सिंगचा करतो आहोत. त्यातली सनं आपण एकदा तपासून द्यावीत.

आपले,
नागपूरचे उपासक-उपासिका