देवबागच्या तांडेलकाकांना, कर्ली खाडीतल्या पॅराशूट-सरावाबद्दल

प्रिय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं तांडेलकाका. आभार मात्र उघडच मानतो. पॅराशूट घेऊन पाण्यात पडलेल्या माणसाचं काय करायचं याची आमची पुस्तिका चांगली आहे, पण ती लिहिणाऱ्यांनी दोरांत आणि भरती-ओहोटीत जन्म काढलेला नाही. तुम्ही काढलाय. दोन्हींचा मेळ कर्ली खाडीत कसा बसला ते किनाऱ्यावरच्या इतर स्कायडायव्हरांनाही कळायला हवं.

आधी त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेच्या यू.एस.पी.ए. संघटनेचा 'बी' परवाना हवा तर किमान 50 उड्या लागतात, आणि अंगावर हार्नेस (पॅराशूटचे पट्टे) चढवून प्रत्यक्ष पाण्यात केलेला सरावही लागतो. बहुतेक जण तो पोहण्याच्या तलावात उरकतात. तलावाला ना ओढ, ना वारा, ना तळाशी चिखल. आपल्याकडचा माणूस उडी मारायला हरयाणात नारनौलला किंवा थेट थायलंडला जातो, त्यामुळे समुद्र त्याच्या डोक्यातच नसतो. पण विमानातून बाहेर पडण्याची, कॅनॉपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, उघडण्याची किंवा उतरण्याची जागा खोल पाण्यापासून एक मैलाच्या, म्हणजे सुमारे 1.6 किलोमीटरच्या आत असेल, तर तरंगण्याचं साधन अंगावर असावं असं हीच संघटना सांगते. कोकणच्या पट्टीवर समुद्र टाळला तर खाडी, खाडी टाळली तर नदी. मालवणजवळच्या देवबागेत तर एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली. त्यामुळे इथे आलो ते फक्त पाण्याच्या सरावासाठी. पलीकडे चिपीचा विमानतळ आहे, वरचं आकाश आपल्या मर्जीचं नाही आणि उडीची परवानगी हा निराळा विषय आहे. (गावात 'पॅराशूट' म्हटलं की सगळ्यांना तारकर्लीचं पॅरासेलिंग आठवतं. ते वेगळं. तिथे माणूस बोटीला दोराने बांधलेला असतो.)

पहिले आभार दिवस आणि वेळ निवडून दिल्याबद्दल. आम्ही शनिवार बघत होतो, तुम्ही तिथी बघितलीत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुंबईपेक्षा आपल्याकडे दक्षिणेला ती थोडी आधीच येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, म्हणून ते दिवस बाद. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, ओढ सगळ्यात कमी, पण भरती पहाटेच संपते आणि पुढे सकाळभर ओहोटी. हिवाळ्यातल्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ओहोटीचं पाणी आणि हा वारा एकाच दिशेला गेले तर माणूस आणि कापड दोन्ही खाडीच्या मुखाकडे, थेट समुद्राच्या संगमावर. म्हणून दशमी-एकादशी धरायची आणि भरतीचा शेवटचा तास घ्यायचा. ओढ खाडीच्या आत असते, वारा तिच्या विरुद्ध असतो आणि सुटलेली वस्तू गावाकडेच येते. भरती पूर्ण झाल्यावर पाणी थांबतं, तेव्हा सगळ्यात अवघड भाग, म्हणजे कापडाखालून बाहेर येणं. पाणी उलटं फिरायला लागलं की सगळे काठावर. समुद्राकडून येणारा खारा वारा सुटायच्या आत काम आटोपतं. एकादशीमुळे देवबागेत येऊन साबुदाण्याची खिचडी खावी लागली, ही तक्रार आमच्यातल्या काही जणांची अजून आहे.

जागाही तुमचीच. दोन ते अडीच वाव पाणी, म्हणजे बारा-पंधरा फूट, तळ वाळूचा, आसपास कालवांचे खडक नाहीत आणि जाळ्यांचे खुंट नाहीत. त्याहून उथळ पाण्यात लोक पाय टेकतात आणि सरावाला अर्थ राहत नाही. खऱ्या प्रसंगात मात्र वरून खोली कळत नाही, म्हणून गुडघाभर पाणी असेल असं धरून पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, लोळण घ्यायच्या तयारीतच उतरायचं असतं.

तुम्ही विचारलंत, खाली पाणीच आहे तर वर असतानाच पट्टे सोडून उडी का टाकत नाही? प्रश्न अगदी मुळावरचा आहे, कारण माणसं जिवाला मुकतात ती यातच. सपाट पाण्यावरून उंची कळत नाही. दहा फुटांवर आहोत असं वाटतं आणि निघतात पन्नास. म्हणून क्रम ठरलेला आहे. पाणी टळत नाही असं दिसलं की तरंगण्याचं साधन फुगवायचं. छातीचा पट्टा सोडायचा. आर.एस.एल. (मुख्य कॅनॉपीला रिझर्व्हशी, म्हणजे राखीव पॅराशूटशी, जोडणारी पट्टी) काढायची, नाहीतर पाण्यात मुख्य कॅनॉपी सोडताना ती रिझर्व्हही ओढून काढते आणि एकाच्या जागी दोन कापडं गळ्यात. तोंड वाऱ्याकडे. पायांचे पट्टे जरासे सैल, पण सोडायचे नाहीत; फार सैल केले तर माणूस खाली सरकतो आणि टॉगलपर्यंत, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठींपर्यंत, हात पोचत नाही. हेल्मेट बंद तोंडाचं असेल तर काच वर. पाण्यापासून अंदाजे दहा फुटांवर टॉगल अर्धे ओढून तिथेच धरायचे, आणि छाती भरून श्वास. पाय पाण्याला लागल्यावर, त्याआधी नाही, हात मागे टाकून हार्नेसमधून पुढे सरकायचं. वारा समोरून असेल तर कापड मागे पडतं आणि पुढची वाट मोकळी असते. वारा नसेल तेव्हा ते डोक्यावरच येतं.

आणि डोक्यावर आलेलं कापड हीच आमची खरी भीती. आजकालच्या बहुतेक कॅनॉपींचं नायलॉन हवा आरपार जाऊ देत नाही. ओलं झालं की तोंडाला चिकटतं, खाली श्वास घ्यायला जागा उरत नाही. उपाय दोन: बुडी मारून लांब जाऊन वर यायचं, किंवा हाताला लागेल ती एक शिवण धरून तिच्याच आधाराने कडेपर्यंत जायचं. शिवण बदलायची नाही. बदलली की माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो.

इथे तुमचं-आमचं थोडं वाजलं, आणि बरं झालं. होडीत पाऊल ठेवायचं तर जॅकेट हवंच, हा तुमचा नियम. पण पर्यटकांना देतात ते फोमचं जॅकेट घातलेला माणूस कापडाखाली बुडी मारूच शकत नाही. जॅकेट त्याला वर दाबतं आणि कापडाला चिकटवतं. स्कायडायव्हिंगमध्ये फोमऐवजी हवेने फुगवायचं साधन वापरतात. शेवटी ठरलं ते तुमच्या डोक्यातून: होडीत सगळ्यांना जॅकेट, कापडाखाली जाणाऱ्याला नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंना मास्क आणि फिन्स घातलेले दोन पोहणारे. शिवाय वीस मीटरचा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, दोर एका टोकाला कॅनॉपीच्या मागच्या कडेला, दुसऱ्या टोकाला नारिंगी बोया. माणसाला दोर बांधायचा नाही, कापडाला बांधायचा. कोणी घाबरला तर त्याला ओढायचं नाही, त्याच्या अंगावरचं कापड ओढून काढायचं. हे आम्ही कुठेच वाचलेलं नव्हतं.

दोऱ्यांचं तर तुम्ही आम्हाला नव्यानेच दाखवलंत. सरावाला दोन जुन्या, उडीतून बाद झालेल्या कॅनॉपी होत्या. दोन्ही 190 चौरस फुटांच्या, पण एकीला स्पेक्ट्राच्या दोऱ्या आणि दुसरीला डेक्रॉनच्या. होडीतून दोन्ही पाण्यात सोडल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, ही वर राहते आणि ही खाली जाते. बरोबरच. स्पेक्ट्रा पाण्यापेक्षा किंचित हलका, डेक्रॉन जड. व्हेक्ट्रन आणि एच.एम.ए. याही बुडणाऱ्याच. आम्ही दोऱ्या निवडतो त्या हवेत किती ताणतात, किती आटतात, किती टिकतात यावर. पाण्यात त्यांचा धोका वेगवेगळा आहे हे ध्यानात येत नाही. तरंगणारी दोरी हाताला, गळ्याला आणि होडीच्या पंख्याला लागते. बुडणारी पायाला लागते, आणि पाय मारत पोहणाऱ्याला ती दर लाथेला आणखी गुंडाळते. म्हणून डेक्रॉन-व्हेक्ट्रनवाल्याने पाय न हलवता, हातांनी पाणी मागे सारत निघायचं. स्पेक्ट्रावाल्याने आधी बुडी मारून मगच लांब जायचं.

पायात दोरी अडकली की प्रत्येकाचा हात आपोआप ओढायला जातो. "वडू नको रे, जितक्या वडशीत तितक्या घट्ट बसतला," हे तुमचं वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. गुडघा पोटाशी घ्यायचा, दोरीला ढील द्यायची, घोट्यावरून बोटाने खाली सरकवायची, आणि मगच पाय सरळ. सुटली नाही तर हुकनाइफ, म्हणजे दोरी कापायची आकड्याची सुरी. तिची धार आकड्याच्या आत असते, त्यामुळे अंधुक पाण्यातही स्वतःला किंवा मदतीला आलेल्याला लागत नाही. तुमची कोयती धारदार खरी, पण या कामाला ती होडीतच बरी.

होडी आणायची रीत एका मुद्द्यासाठी मुद्दाम लिहितो. वाऱ्याच्या खालच्या अंगाने आलात तर माणूस आणि होडी यांच्यामध्ये पसरलेलं कापड. वरच्या अंगाने आलात तर होडीच वाहत त्याच्या अंगावर. म्हणून तुम्ही बाजूने आडवे येता, पंधरा मीटरवर इंजिन बंद करून पंखा पाण्याबाहेर घेता आणि उरलेलं अंतर वल्ह्यावर काटता. आधी माणूस, कापड नंतर. प्रत्येक उतरणाऱ्यामागे एक होडी, किंवा विमान एका फेरीत एकालाच सोडत असेल तर तिघांमागे एक, असं प्रमाण आमच्याकडे सांगतात. होडीत एक जाणकार स्कायडायव्हर आणि एक पोहणारा असावा हेही सांगतात. इंजिन कधी बंद करायचं ते चालवणाऱ्यानेच जाणावं लागतं.

कापड ओढीने पाण्याखालीच फुगलं तर ते माणसाला घेऊन निघतं. तेव्हा एकाच बाजूची ब्रेकची दोरी हातावर हात टाकत खेचायची. ती बाजू दुमडते आणि कॅनॉपी पडते.  पडलेली कॅनॉपी होडीत घेतानाही तुमचाच हात कामाला आला. हिच्या पुढच्या कडेला कप्प्यांची तोंडं उघडी, मागची कड शिवलेली. दोऱ्यांना किंवा पुढच्या कडेला धरून उचललं तर सगळे कप्पे पाण्याने भरलेले, चौघांनाही हलत नाहीत, आणि शिवण फाटते ती वेगळीच. रापणीच्या जाळ्याची खोळ रिकामी करावी तशी मागची कड धरून उचलली की पाणी पुढच्या तोंडांतून निघून जातं आणि दोन माणसांत काम होतं.

धुण्याचं थोडक्यात. मीठ दोरीत सुकलं की त्याचे खडे आतून दोरी कापतात, आणि रिंगा, आयलेट गंजायला लागतात. म्हणून त्याच दिवशी गोड्या पाण्यात. देवबागेतली प्रत्येक विहीर गोडी नाही, तुम्ही चाखून एक ठरवून दिलीत. दोनशे लिटरच्या पिंपात तीनदा पाणी बदलून बुचकळायचं, घासायचं नाही, साबण नाही. वाळू आधी झटकायची. वाळवायचं सावलीत, कारण उन्हाने नायलॉन कुजतं. तुमच्या जाळ्यांच्या खोपीत बांबूवर आडव्या टाकलेल्या कॅनॉपी संध्याकाळपर्यंत सुकल्या. हार्नेसच्या जाड पट्ट्यांना मात्र दोन दिवस लागले. खरा, उडीचा संच पाण्यात गेला तर धुऊन भागत नाही. रिझर्व्ह उघडून, वाळवून रिगरकडूनच (पॅराशूट तपासून बांधणाऱ्या परवानाधारकाकडूनच) पुन्हा बांधून घ्यायची, आणि ए.ए.डी. (रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) त्या बनावटीच्या सूचनेप्रमाणे तपासून घ्यायचं. काहींचा फिल्टर बदलावा लागतो.

काकींनी खोप रिकामी करून दिली, शेजाऱ्यांनी दोन दिवस जाळी अंगणात ठेवली, त्यांनाही आमचे आभार सांगा.

पुढचा सराव पौषातल्या एकादशीच्या आसपास धरतोय. कोणती एकादशी, शुक्ल की वद्य, ते तुम्हीच वारा बघून कळवा. येताना दोन हुकनाइफ तुमच्या होडीसाठी आणतो, आणि पीपी दोराचं नवं भेंडोळंही. जुन्याला दोन ठिकाणी पीळ पडलाय, तो बोयाला बांधू नका.

आपले नम्र,
कर्ली खाडीत सराव केलेले स्कायडायव्हर