खानापूरहून कृपास

खानापूर, जि. बेळगाव
जानेवारी

चि. कृपा,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुला ताप येऊन गेला हे आम्हाला पाळकबाईंकडून कळलं. तुमच्या मिशनमधून त्यांना प्रार्थनेची विनंती आली होती. रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी आईचा हात धरून विचारलं, "कृपा आता बरी आहे ना?" आई म्हणाली, "हो, आहे बरी." रिक्षात बसल्यावर माझ्याकडे वळली, "काय झालंय तिला?"

मग फोनवर तू हसलीस. "पप्पा, इथं मलेरिया म्हणजे आपल्याकडची सर्दी. तीन दिवस गोळ्या घेतल्या, उतरला." उतरला हे चांगलंच झालं. बाळूचाही तिसऱ्या दिवशी उतरला होता. एवढंच लिहितो, या विषयावर पुढे लिहिणार नाही.

पत्र अशासाठी, की फोनवर आई मला बोलू देत नाही आणि तुझी लाइन मध्येच जाते. उभा जन्म पोस्टात गेला, त्यामुळे हे झांबियाला कधी पोहोचेल याचा मला अंदाज आहे. तोवर तिकडचा पाऊसही सरत आला असेल.

तू पाठवलेला फोटो सुवार्ताने मोठा करून आणून दिला. झाडाच्या फांदीला वजनकाटा टांगलाय, झोळीत पोर रडतंय आणि चितेंगे गुंडाळलेल्या बायका रांगेत बसल्यात. तुझ्याही कमरेला तेच कापड. आईला पहिल्यांदा तू ओळखूच आली नाहीस. मी ओळखलं, मान वाकडी करून काटा वाचायची तुझी सवय जाणार कुठे! फोटो दिवाणखान्यात लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, ही आमची. आईने भोपळ्याचा पाला शेंगदाण्याचं कूट घालून करून बघितला, तू लिहिलं होतंस तसा. छान झाला. मक्याच्या पिठाचा न्शिमा मात्र तिला जमला नाही, गुठळ्या झाल्या. वाळवलेल्या अळ्यांचं तिला सांगितलेलं नाही.

परवा स्टॅंडवर एकाने मला अडवलं. "पोरगी तिकडं जाऊन लोकांना बाटवते म्हणे?" मी म्हटलं, अरे बाबा, त्या देशाने 1991 सालीच स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र जाहीर केलंय, बाटवायला शिल्लक कोण? ती सकाळी प्रार्थना घेते आणि नंतर दिवसभर पोरांची बोटं टोचून रक्त तपासते. तो गप्प झाला. घरी येताना मात्र तोच प्रश्न मला सतावायला लागला. तिथे सगळे ख्रिस्तीच आहेत, तर माझ्याच मुलीने का जावं? उत्तर मला ठाऊक आहे, तू निघायच्या आदल्या रात्री दिलं होतंस. तरी प्रश्न पडतो.

त्या दिवसापासून मी आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं वाचायला घेतलंय. तो आधी लंडन मिशनरी सोसायटीचाच माणूस, म्हणजे 1820 साली बेळगावात मिशन काढलं त्याच लोकांचा. आपल्या आजोबांच्या आजोबांना अक्षर ओळखायला शिकवलं तेही त्यांच्याच शाळेने. 1873 मध्ये चितांबोच्या गावात, म्हणजे तुझ्याच भागात, तो गेला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून पार समुद्रापर्यंत वाहून नेला. त्या झाडावर नाव कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला. गुलामांच्या जहाजातून सुटलेला आफ्रिकेचा मुलगा नाशिकला वाढतो काय आणि पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या पेटीला खांदा देतो काय! हे वाचून मला एवढा आनंद झाला की रात्री अकराला आईला उठवून सांगितलं. तिने एकच विचारलं, "तो कशाने गेला?"

ताप आणि आव. त्याची बायको मेरी त्याच्या आधीच, 1862 मध्ये, शुपंग्याला तापानेच गेली. हे मी आईला वाचून दाखवलं नाही.

बघ, पुन्हा तिथेच आलो. आलोच आहे तर सांगून टाकतो. मच्छरदाणीला भोक पडलं असेल तर आजच शीव. कडा गादीखाली खोच, नुसती लोंबती ठेवू नकोस. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचं घाल. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नकोस आणि बरं वाटलं म्हणून शेवटच्या दोन टाकून देऊ नकोस. इंग्रजांच्या काळी पोस्टात क्विनाइनच्या पुड्या विकायला असत. आमच्या खात्यातले जुने लोक सांगायचे, माणसं पुडी न्यायची आणि कडू लागते म्हणून वाटेतच फेकून द्यायची. शहाणपण विकत मिळतं, पोटात जात नाही.

नर्स तू आणि शिकवतोय मी! माफ कर. आई म्हणते, रिटायर झाल्यापासून मी पोस्ट ऑफिस घरातच उघडलंय.

पण एक विचारतो, रागावू नकोस. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. पौलाचा सोबती एपफ्रदीत सेवेत असताना मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. आणि त्याला दुःख कशाचं होतं? आपण आजारी होतो हे घरच्या लोकांनी ऐकलं, याचं. अगदी तुझ्यासारखंच. त्याच्यावर आम्ही कितीतरी प्रवचनं ऐकली, सगळी त्याच्या निष्ठेवर. पुढचं कुणी सांगत नाही. पौलाने त्याला घरी पाठवलं! देवाची सेवा पौलापेक्षा कोणाला जास्त कळत होती? तरी पाठवलं. जा म्हणाला, लोकांना भेट, त्यांना आनंद होऊ दे.

मी तुला ये म्हणत नाही. उन्हाळ्यात रजा मिळते का, एवढंच विचार.

इकडे सगळं ठीक. भात घरात आला. मागच्या खोलीची कौलं यंदा बदलायला हवीत, निपाणीच्या आत्याचं ते प्रकरण अजून मिटलं नाही, आणि सुवार्ताची बदली चिकोडीला होणार म्हणतात. कुंदा पाठवायचा आईचा हट्ट आहे. टिकणार नाही म्हटलं तर तिने बोलणंच सोडलंय. तू तिला समजाव.

तुझा,
पप्पा

ता. क. : गोळ्या संपल्यावर रक्त पुन्हा तपासलंस का? त्या रिपोर्टचा फोटो माझ्या नंबरवर पाठव, आईच्या नको. हिमोग्लोबिनही त्यात असू दे. काही असलं तर मलाच सांग. पाळकबाईंना नंतर.