लोहचुंबक पिशवीत ठेवलंय

बडोदे
रविवार, रात्री साडेदहा

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद. तू घेऊ म्हणतेस त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीला, एमजीएला, सकाळी मी फोनवर "भंगार" म्हणालो आणि तू फोन ठेवलास. बरोबरच केलंस. तुझ्या आईने मला दुपारी जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी आवाज चढवतो, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. कागदाचा फोटो काढून उद्या पाठवतो.

आधी चांगलं सांगतो. तुझे बावीसच्या बावीस फोटो मी मोठे करकरून पाहिले. विकत घेणारे लोक गाडीचा फोटो समोरून काढतात, नाहीतर शेजारी उभं राहून. तू गाडीखाली झोपून चेसिसचे काढलेस, डॅशबोर्डमागे हात घालून काढलेस. कोणी शिकवलं तुला? मी नक्कीच नाही. ग्रीस लागेल म्हणून तुला गॅरेजच्या पायरीवरच बसवून ठेवायचो आणि लीलो चेवडा आणून द्यायचो. तिथे बसून तू एवढं बघत होतीस हे मला कळलंच नाही.

त्या डॅशबोर्डच्या फोटोत वायरींच्या मागे फिकट हिरवा रंग दिसतो, पाहिलास का? ती गाडी जन्माने लाल नाही. एमजीए 1500 ला कंपनीचा ऑरिएंट रेड होता, तसा टायरोलाइट ग्रीनही होता, आणि ही मला टायरोलाइट वाटते. लाल मागून मारलेला. रंग बदलला म्हणून गाडी वाईट होत नाही, पण विकणारा "ओरिजिनल कलर" सांगून जास्त पैसे मागतोय तेवढे देऊ नकोस.

इंजिनाचं तेच. तो म्हणतो 1489 सीसी, कागदावरही तेच. खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही. एमजीएचं इंजिन 1489 सीसीचं आणि आपल्या अँबॅसॅडरचंही 1489 सीसीचं. दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीची बी-सिरीज इंजिनं, सख्खी भावंडं, म्हणून जागेवर निमूट बसतं. पण एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर, कॅम वेगळा, कॉम्प्रेशन जास्त. सुरुवातीच्या गाड्यांना 68 हॉर्सपॉवर होती. तुझ्या सातव्या फोटोत कार्ब्युरेटर एकच आहे. इंजिन नंबरची पट्टी रिबिटांवर असते, आणि रिबिटं काढून दुसरीकडे ठोकता येतात, म्हणून नुसती पट्टी वाचून विश्वास ठेवू नकोस. रिबिटांची डोकी बघ, जुनी आहेत की चकचकीत.

मी एका नजरेत ओळखलं, कारण हे पाप माझ्या हातून झालंय. अलकापुरीतल्या एका डॉक्टरांच्या एमजीचा क्रँक गेला. बाहेरून पार्ट आणायचा तर परमिट, आणि परमिटला वर्ष. मी तीन दिवसांत अँबॅसॅडरचं इंजिन बसवून दिलं. डॉक्टर खूश, मी खूश. आमच्या लाइनीत दिवसातून वीस वेळा "चालशे" म्हणायचे, मीही म्हणालो. जुनं इंजिन दोन वर्षं गॅरेजमागच्या लिंबाखाली पडून होतं. एका दिवाळीच्या साफसफाईत कबाड्याला वजनावर दिलं, वर दोन्ही कार्ब्युरेटर. आज ते डोळ्यांसमोर येतात. तेव्हा वाटलं होतं, जागा मोकळी झाली.

म्हणून सकाळी "भंगार" तोंडातून गेलं. तुला म्हणालो नव्हतो.

विकणाऱ्याला एक विचार: काढलेलं इंजिन कुठे आहे? पुष्कळदा कोणाच्या तरी गोडाऊनमध्ये गोणपाटाखाली असतं आणि मालकालाच ठाऊक नसतं. मिळालं तर बंद पडलेलं का असेना, घे. मिळालं नाही तर बिनइंजिनाची गाडी समजून भाव कर. इंग्लंडला गेडन इथे मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याच्या नोंदी आहेत. पैसे भरून चेसिस नंबर कळवला की दाखला देतात. रंग, इंजिन नंबर, कुठे पाठवली, सगळं येतं. तो दाखला हातात येईपर्यंत बयाणा देऊ नकोस.

कायद्याचंही बघ. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो, नवीन केली तर व्हीए सिरीज आणि वीस हजार फी. पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नको, अशी अट आहे, आणि रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे ऑफिसला नाही, खंडाळ्याला नाही. तुझ्या मनात खंडाळा आहे हे मला माहीत आहे. फोनवर तू "वीकेंडला" म्हणालीस तेव्हाच कळलं.

ब्रेकबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण 1500 ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेकचं सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. घाटात ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी पुढे पुढेच जाते. असो.

पत्र्याचं सांगतो. दरवाजे, बॉनेट, डिकी ॲल्युमिनियमची, तिथे लोहचुंबक चिकटलं नाही तर घाबरू नकोस. मडगार्डला मात्र चिकटलंच पाहिजे. नाही चिकटलं तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय, बोटभर असेल. पायाखालची फ्लोअर प्लायवूडची असते, ती उचलून बघ. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आपल्याकडे आलं तेव्हापासून मला कुठल्याही गाडीच्या दरवाजात आतून चिखलाची रेघ आहे का, हेच आधी बघायची सवय लागलीय. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायला हव्यात. तिथे एकच बारा व्होल्टची बसवलेली असेल तर ते मी बदल मानत नाही, शहाणपण मानतो. बाहेरून दरवाजाला हँडल नाही म्हणून तू विचारलंस. नव्हतंच. हात आत घालून दोरी ओढायची.

हे सगळं लेक्चर झालं. माफ कर. राजवाड्यावरचं प्रदर्शन, जानेवारी 2023, आठवतं? तू एका गाडीपाशी पाऊण तास उभी होतीस आणि मी दोनदा "चल" म्हणालो. तेव्हाच उगाच घाई केली असं आता वाटतं.

आयुष्यभर मी म्हणत आलो की कंपनीने दिलं ते ठेवावं. तुझ्या काकाच्या गाडीलाही म्हणालो, "कशाला बदलतोस, कंपनीचेच ब्रेक चांगले." पाद्र्याच्या रस्त्याचं तुला माहीत आहे तेवढं पुरे.

म्हणून ऐक. ही गाडी घेतलीस तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसव. 1959 ला एमजीए 1600 आली तेव्हा कंपनीनेच पुढच्या चाकांना डिस्क दिले, ते 1500 ला बसतात. सर्किट दुहेरी करून घे. त्याने भाव कमी होईल म्हणतील, होऊ दे. काढलेले ड्रम तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेव. वेल्डिंग करू नकोस, भोक पाडू नकोस, नुसतं नट-बोल्टवर. म्हणजे पुढे कोणाला ओरिजिनल करायची झाली तर करता येईल. मी असेन तर मीच करीन.

किंमत ऐकून आई दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, तिने तिच्या पैशाने घेतली तर तुम्ही मध्ये पडू नका. ती नेहमी तुझ्याच बाजूने असते.

बुधवारी रात्रीच्या गाडीने निघतो, गुरुवारी सकाळी पुण्यात. लोहचुंबक, टॉर्च आणि चेवडा पिशवीत ठेवलाय. तोवर त्या माणसाने चालवून बघायला दिली तर घाटाकडे नेऊ नकोस. उभ्या गाडीत पेडलवर जोरात पाय ठेव आणि पूर्ण एक मिनिट धरून राहा. हळूहळू खाली जायला लागलं तर मास्टर सिलिंडर गेलाय. किल्ली काढ, उतर आणि मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझा,
बाबा