स्टुटगार्टच्या खोलीचा हिशेब: मित्रास पत्र

आंजर्ले, ता. दापोली,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीवर रुजू व्हायचे नक्की झाले आणि तीस चौरस मीटरची एक खोलीही जवळजवळ ठरली, हे वाचून आनंद झाला. जाहिरातीत ५२० युरो आणि १३० युरो असे दोन आकडे आहेत, तेव्हा महिन्याला ६५० युरो बाजूला काढून उरलेल्या पगारातून घरकर्जाचा हप्ता आणि काकांच्या औषधांचे पैसे पाठवायचे, असे तू योजले आहेस. हा हिशेब तसा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे जरा विस्ताराने लिहितो, कारण तिथे असताना मी पाहिले आहे की आपली माणसे भाजीपाल्यात आणि प्रवासात काटकसर करतात आणि चुकतात ती नेमकी इथे.

५२० युरो हे केवळ जागेचे भाडे. त्याला तिथे काल्टमीटे म्हणतात. वरचे १३० हे नेबेनकोस्टेन, म्हणजे पाणी, सांडपाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा, मालमत्ता कर आणि बहुतेक इमारतींत खोली तापवण्याचा खर्च. दोन्ही मिळून होते ती वार्ममीटे. परंतु हे १३० युरो म्हणजे झालेल्या खर्चाचे बिल नव्हे, ती मालकाने अंदाजाने ठरवलेली आगाऊ रक्कम आहे. आपल्याकडे महावितरणचे बिल मीटरवरच्या आकड्याचे येते, आपण ते भरतो आणि त्या महिन्याचा विषय मिटतो. तिथे जानेवारीच्या कडाक्यातही तू १३० युरो भरणार आणि जुलैतही तेवढेच भरणार, आणि खरे किती लागले ते वर्ष संपल्यावर कळणार. आपल्या बागायतदारांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही: हंगामापूर्वी वाशीच्या दलालाकडून उचल घ्यायची आणि हंगाम संपल्यावर पट्टी आली की कोण कोणाचे किती देणे लागतो ते पाहायचे. फरक एवढाच की तिथे उचल देणारा तू आहेस आणि पट्टी करणारा मालक.

ही पट्टी केव्हा येते, ते नीट लक्षात घे. हिशेबाचे वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर असते आणि ते संपल्यानंतर हिशेब देण्यासाठी कायद्याने मालकाला बारा महिने मिळतात. म्हणजे तू जानेवारी २०२६ मध्ये जी खोली तापवशील, तिचा अखेरचा आकडा डिसेंबर २०२७ पर्यंत केव्हाही तुझ्या पत्रपेटीत येऊन पडू शकतो. तोपर्यंत आपला खर्च १३० युरोतच बसतो आहे अशी माणसाची खात्री पटलेली असते, घरी पाठवायचा आकडा पक्का झालेला असतो, आणि त्या कागदावर तीन-चारशे युरो मागितलेले असतात. शिवाय तो हिशेब लागला की त्याच्या आधारे मालक पुढची मासिक रक्कमही वाढवू शकतो. म्हणजे मागचे एकरकमी भरायचे आणि पुढचे दरमहा जास्त द्यायचे, अशी दोन्ही ओझी एकाच वेळी येतात. म्हणूनच आगाऊ रक्कम फार कमी दाखवणाऱ्या जाहिरातीवर माझा विश्वास नाही. त्या आकड्यामुळे घर स्वस्त दिसते, इतकेच. तुझ्या जागेचे १३० युरो खरोखर पुरतात का, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे मागच्या भाडेकरूच्या वार्षिक हिशेबाची प्रत मालकाकडे सभ्यपणे मागणे. बरेच मालक देतात. जो टाळाटाळ करील, त्याच्या घरासाठी राखीव रक्कम वाढवून धर.

आता उष्णतेविषयी, कारण नेबेनकोस्टेनमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत चंचल भाग तोच. एकाच बॉयलरवर चालणाऱ्या इमारतीत या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्येकाच्या वापरानुसार वाटला जातो आणि उरलेला साधारणपणे जागेच्या क्षेत्रफळावर. त्यामुळे खोली तापवणारा रेडिएटर पूर्ण बंद ठेवून महिनाभर रजईत काढला तरी तुझ्या वाट्याचा खर्च शून्य होत नाही. उलट बंद, थंड खोलीत श्वासाची, स्वयंपाकाची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ भिंतीवर धरते आणि बुरशी येते. आषाढात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरा येतो तो आपण ओल्या फडक्याने पुसून टाकतो; तिथे भिंतीवर तीच गोष्ट झाली की मालकाशी वाद सुरू होतो आणि अनामत रकमेपर्यंत पोहोचतो. रेडिएटरवरच्या थर्मोस्टॅटचा खटका ३ या आकड्यावर ठेवला की खोलीत साधारण २० अंश राहतात आणि ते पुरेसे आहे. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती अधिक तापते. हवा बदलण्यासाठी खिडकी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे सताड उघडायची, त्या वेळी रेडिएटर बंद करायचा आणि मग दोन्ही पूर्ववत करायचे. आपण समुद्रकाठची माणसे बारा महिने खिडकी किलकिली ठेवून झोपणारी. ही सवय तिथे हिवाळ्यात फार महाग पडते, कारण भिंती गार होत राहतात आणि हवा मात्र पुरेशी बदलत नाही. ज्या इमारतींत दूरवाचन होणारे मापक आहेत, तिथे २०२२ पासून भाडेकरूला दरमहा आपल्या वापराची माहिती मिळण्याचा हक्क आहे. तुझ्या इमारतीत तसे मापक असतील तर ती माहिती अवश्य घे, म्हणजे दोन वर्षे अंधारात राहावे लागणार नाही.

वीज या १३० युरोंत नाही. तिचा करार तुला स्वतःच्या नावाने करावा लागेल. काही केले नाहीस तरी दिवे लागतात, कारण त्या भागातला मूळ पुरवठादार आपोआप तुझा पुरवठादार होतो. पण तो दर बहुधा चढा असतो. त्यातून दोन आठवड्यांच्या सूचनेवर बाहेर पडता येते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, मात्र आळस करू नये. पूर्वी घरात शिरल्यानंतर मागील तारखेने नोंद करता येत असे. जून २०२५ पासून ती सोय राहिलेली नाही, म्हणून किल्ली हाती येण्यापूर्वीच करार करून ठेव. बिलाचे दोन भाग असतात: दरमहाचा ठरावीक आकार, जो आपल्या बिलावरच्या स्थिर आकारासारखा, आणि प्रत्येक युनिटचा दर. आपल्याकडे शंभर युनिटांच्या पुढे गेले की दर चढतो, म्हणून आई पंखे बंद करीत घरभर फिरते. तिथल्या नेहमीच्या करारात पहिल्या युनिटाला जो दर तोच शेवटच्याला. समज, युनिटला ३५ सेंट आणि ठरावीक आकार महिन्याला १२ युरो असा करार मिळाला आणि एकट्याचा वापर वर्षाला १३०० युनिट झाला, तर वर्षाचे ४५५ अधिक १४४ मिळून ५९९ युरो, म्हणजे महिन्याला सुमारे ५० होतात. हीसुद्धा आगाऊच रक्कम. वर्षाअखेरीस मीटर वाचून फरक दिला-घेतला जातो. पुरवठादार तुझा अंदाज विचारतो तेव्हा हप्ता लहान दिसावा म्हणून वापर कमी सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा.

या १३०० युनिटांत एक मोठी अट दडलेली आहे, आणि तुझ्या जाहिरातीत तिचा उल्लेख मला दिसला नाही. न्हाणीघरातले पाणी कशावर तापते? बॉयलरवर तापत असेल तर ते नेबेनकोस्टेनमध्ये आले. पण पुष्कळ जुन्या छोट्या घरांत भिंतीवर विजेचे यंत्र असते, जे नळ सोडताच वाहते पाणी तापवते. आपल्या गीझरसारखे ते दोन-तीन किलोवॉटचे नसते. २१ किलोवॉटचे सर्रास आढळते. पूर्ण जोरावर दहा मिनिटे चालले तर साडेतीन युनिट, म्हणजे वरच्या दराने एका स्नानाला सव्वा युरोच्या आसपास, आणि महिन्याला पस्तीसहून अधिक. बंबातले कढत पाणी तांब्या-तांब्याने घेऊन अंघोळ करणाऱ्या आपल्या पिढीला हा हिशेब मानवेल, परंतु शॉवरखाली उभे राहून दिवसभराचा थकवा घालवणाऱ्याला तो आधी माहीत असलेला बरा. मालकाला एवढे एकच विचारायचे असले तरी हे विचार.

नगरपालिकेत पत्ता नोंदवलास की काही आठवड्यांनी सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र येईल. तुझ्याकडे टीव्ही नाही हे कारण चालत नाही. ही वर्गणी २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो आहे, ती दर घरामागे असते, दर माणसामागे नव्हे, आणि सहसा तीन महिन्यांची ५५.०८ एकदम घेतात. पुष्कळ जण ते पत्र फसवणुकीचे समजून फाडून टाकतात आणि मग थकबाकीसह भरतात. केबल टीव्हीचे शुल्क मात्र जुलै २०२४ पासून मालकाला नेबेनकोस्टेनमध्ये लावता येत नाही. हिशेबात ते दिसले तर विचारणा कर. इंटरनेटला ३५ युरो धर, आणि तुझी नोकरी एका वर्षाच्या कराराची असेल तर चोवीस महिन्यांच्या योजनेवर सही करू नकोस.

तेव्हा माझ्या मते तुझा आकडा असा बसतो: भाडे ५२०, आगाऊ १३०, वीज ५०, वर्गणी १८.३६, इंटरनेट ३५, आणि याखेरीज दरमहा ५० युरो एका वेगळ्या खात्यात, ज्यांना वार्षिक हिशेब हाती येईपर्यंत हात लावायचा नाही. एकूण साधारण ८०५ युरो होतात. तू धरलेल्या ६५० पेक्षा हे दीडशेहून अधिक आहेत, आणि युरो आज शंभर रुपयांच्या आसपास असल्यामुळे घरी पाठवायच्या रकमेत पंधरा हजारांचा फरक पडतो. हे वहिनींना आणि काकांना आत्ताच सांग. पहिले वर्ष कमी पाठवून पुढे वाढवलेले घरच्यांना चालते; आधी जास्त पाठवून मग कमी केले की इथे चिंता सुरू होते आणि वाडीत चर्चा. मात्र एकदा हा आकडा ठरला की खटका फिरवताना प्रत्येक वेळी रुपयांत गुणाकार करत बसू नकोस. त्याने पैसे वाचत नाहीत, माणूस आजारी तेवढा पडतो.

सर्व खर्च धरून एकच ठरावीक भाडे घेणाऱ्या खोल्याही मिळतात, आणि महाग पडतात म्हणून जाणकार त्यांना नावे ठेवतात. मला ते पटत नाही. जो माणूस भर हिवाळ्यात प्रथमच त्या देशात उतरतो आहे, ज्याला तिथली थंडी किती खर्चाची असते याचा अंदाजच नाही, त्याने पहिले काही महिने थोडे जास्त देऊन निश्चिंत राहिलेले बरे. ही खोली हातची गेली तर तसा पर्याय जरूर पाहा.

वार्षिक हिशेब आला की तो वाचल्याशिवाय भरू नकोस. दुरुस्तीचा आणि व्यवस्थापनाचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही, मग तो कोणत्याही नावाखाली लिहिलेला असो. मुदतीचे बारा महिने उलटून हिशेब आला, तर उशिराचा दोष मालकाचा असल्यास त्याला वाढीव मागणी करता येत नाही. तुला पैसे परत मिळायचे असतील तर ते मात्र त्याला द्यावेच लागतात. मूळ बिले पाहण्याचा तुला हक्क आहे आणि हरकत घ्यायला हिशेब मिळाल्यापासून बारा महिने असतात. भाषेची अडचण वाटली तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात भाडेकरूंचा संघ आहे. वार्षिक वर्गणी भरून सभासद झाले की तिथले जाणकार हिशेब तपासून देतात.

खोलीचा ताबा घेताना वीज, पाणी आणि रेडिएटरवरच्या मापकांचे आकडे ताबापत्रात लिहून घे आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेव; सोडतानाही तसेच कर. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे तुझ्या बाबतीत १५६० युरोंपेक्षा, अधिक मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते, हे मालक आपण होऊन सांगेलच असे नाही. घर सोडल्यावर शेवटच्या वर्षाचा हिशेब व्हायचा असेल तर अनामतीतला काही भाग मालक अडकवून ठेवू शकतो. म्हणून पुढे कधी गाव बदललेस किंवा परत आलास, तरी नवा पत्ता मालकाला लेखी कळव आणि तिथले बँकेचे खाते तो हिशेब पुरा होईपर्यंत बंद करू नकोस.

सही करण्यापूर्वी करारातले नेबेनकोस्टेनचे पान आणि पाणी तापवण्याविषयी मालकाने दिलेले उत्तर, दोन्ही मला पाठव. मी रात्री बसून वाचून लगेच कळवतो. काका-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
मनोहर