चढावर माझ्यासोबत पायी चाललेल्या सहप्रवाशास

सप्रेम नमस्कार.

सायकल सहल संपली, सगळे आपापल्या घरी सुखरूप पोहोचले, छायाचित्रांची देवाणघेवाणही झाली. तरी तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले ही रुखरुख माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. निरोप घेताना मी तुम्हाला ‘धन्यवाद’ म्हटले, तेव्हा तुम्ही ‘त्यात काय एवढे’ असे म्हणून विषय संपवलात. त्यात नेमके काय होते, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. ते मी सर्वांसमोर सांगते आहे, कारण गटाने सायकल चालवणाऱ्यांनी, आणि विशेषतः अशा सहली नेणाऱ्यांनी, ते वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्या दिवशी दुपार कलल्यावर, झाडीतून जाणाऱ्या लांब चढाच्या अलीकडेच, माझ्या मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. तुटला तोही गिअरच्या बाजूचा. मागच्या चाकात त्या बाजूचे स्पोक अधिक ताणलेले असतात आणि पेडलचा जोरही त्यांच्यावरच अधिक येतो, त्यामुळे धातू थकून तुटतो तो बहुधा तिथेच. चाक लगेच आउट झाले, म्हणजे वाकडे फिरू लागले, आणि प्रत्येक फेऱ्याला रिम ब्रेकला घासू लागली. तुम्ही गटाच्या शेवटी राहण्याची जबाबदारी घेतली होती, म्हणून तुम्ही थांबलात. शेजारचे स्पोक थोडे सैल करून तुम्ही चाकाचा आउट जमेल तितका काढलात, ब्रेक मोकळा केलात आणि सांगितलेत, की सपाटीवर हे चाक मुक्कामापर्यंत नेईल, पण चढावर त्याच्यावर जोर देऊ नका. याचा अर्थ मला समोरचा सगळा चढ सायकल हातात धरून चढायचा होता.

इथवर तुम्ही जे केलेत ते तुमच्या जबाबदारीत येत होते आणि त्याबद्दलही मी ऋणी आहे. परंतु हे पत्र त्यासाठी नाही.

मी सायकल ढकलत चालू लागले आणि क्षणभराने लक्षात आले, की तुम्हीही सायकलवरून उतरला आहात. तुम्ही काही बोलला नाहीत, कारण सांगितले नाहीत, उतरतो आहोत हे जाणवूही दिले नाहीत. तुमची सायकल धडधाकट होती, पायांत बळ होते, तो चढ तुम्ही सहज चढून गेला असता आणि वर माझी वाट पाहिली असती, तर कोणीही तुम्हाला बोल लावला नसता. त्यातून तुमच्या बुटांना तीन बोल्टचे क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे तळाचे प्लॅस्टिकचे तुकडे, होते. ज्याने असे बूट घालून रस्त्यावर चार पावले टाकली आहेत, त्याला ती कसरत ठाऊक आहे: क्लीट तळव्याच्या पुढच्या भागाखाली उंच राहतो, टाच खाली झुकते, पिंडरी ताणली जाते आणि प्लॅस्टिक प्रत्येक पावलाला झिजते. ओल्या पानांचा थर असेल तर पाय कुठे सरकेल याचा नेम नसतो. माझ्या शेजारी तुमच्या क्लीटचा टक् टक् आवाज सतत येत होता, मधेच पानांवर पाय पडला की तो दबायचा, आणि तुम्ही हँडल घट्ट धरून तोल सावरायचात. वर पोहोचल्यावर तुम्ही एक काडी उचललीत, क्लीटमध्ये रुतलेली पाने आणि चिखल शांतपणे उकरून काढलात आणि मग मला विचारलेत, ‘विंडचीटर घातलात का? उतारावर घाम गार पडेल.’

हे मला इतके का भिडले, ते समजण्यासाठी त्याआधीची एक गोष्ट सांगावी लागेल. यापूर्वी मी एका दुसऱ्या गटाबरोबर अशाच ऋतूत लांबच्या सहलीला गेले होते. ‘कोणालाही मागे सोडले जाणार नाही’ असे त्या सहलीच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापले होते. माझे चाक पंक्चर झाले तेव्हा गटप्रमुख ‘पुढे थांबतो’ असे सांगून निघून गेले. पुढे म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितले नाही आणि मला ते कुठेही थांबलेले दिसले नाहीत. सप्टेंबरमध्ये दिवस आणि रात्र सारखी होते त्या संपातानंतर दिवस भराभर लहान होत जातो. संध्याकाळ अंदाजापेक्षा लवकर येते, खाली आलेले ऊन डोळ्यांवर येते आणि ते सरले, की पानांखालचा खड्डा दिसेनासा होतो. अनोळखी रस्त्यावर, अंधार पडत असताना, मी एकटीच मुक्कामी पोहोचले. जेवणे उरकत आली होती. गटप्रमुख म्हणाले, ‘सगळे पोहोचले ना, मग झाले.’ मला राग आला तो एकटे पडल्याचा नव्हे. माझी गैरहजेरी कोणाच्याच लक्षात आली नव्हती, त्याचा आला.

एकत्र जाण्याची रीत सायकलच्या जगाला नवीन नाही. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचे अंतर पार करण्याच्या सायकल फेरीत, प्रत्येक जण आपल्या वेगाने आणि आपल्या बळावर जातो, तिथे कोणी थांबावे अशी अपेक्षाच नसते आणि त्यात गैरही काही नाही. परंतु १९०४ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या मूळ ऑडॅक्स पद्धतीत सगळा गट रस्त्यावरच्या कप्तानांच्या मागे एकत्रच चालतो, आणि आजही त्यासाठी ताशी सुमारे २२.५ किलोमीटरचा ठरलेला वेग पाळला जातो. जोरकस माणसाने तिथे स्वतःला आवरायचे असते. गट या शब्दावर ज्यांना पैसे आणि नावे गोळा करायची आहेत, त्यांनी निदान एवढे तरी आवरणे शिकून घ्यावे. सपाटीवर गट धरून ठेवणे तसे सोपे आहे. समोरून वारा असला, की पुढच्याच्या चाकामागे राहणाऱ्याचे श्रम बरेच वाचतात, त्यामुळे दमलेला माणूसही ओढला जातो. चढावर वेग पडतो, वाऱ्याचा आडोसा निरुपयोगी होतो, प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते, आणि गट तुटतो तो तिथेच. म्हणून कोणता गट कसा आहे, हे मी आता चढावर पाहते.

तुमच्या उतरण्याने काय झाले, ते सांगते. कोणी वर वाट पाहत उभे असले, की मागून येणारा माणूस धापा टाकत चालतो, मनातल्या मनात माफी मागत चालतो, आणि पोहोचताच त्याला न थांबता पुढे निघावे लागते, कारण इतरांची विश्रांती तोवर झालेली असते. तुम्ही शेजारी चालत होता, म्हणून माझ्यावर कसलेच ओझे नव्हते. दोन वळणांनंतर माझा श्वास शांत झाला आणि मला आजूबाजूचे दिसू लागले. ज्या झाडीसाठी आणि ज्या रंगांसाठी मी मुद्दाम या ऋतूत आले होते, ती पिवळी-तांबडी पाने, उन्हात एकेक सुटून खाली येणारी, मी त्या सहलीत खऱ्या अर्थाने पाहिली ती त्या चढावर. सायकलवर असते तर नजर पुढच्या चाकावरच राहिली असती.

चांगुलपणाची मोठी उदाहरणे आपण आवडीने सांगतो, आणि ती सांगावीतच. परंतु माणसाचा सगळा दिवस ज्यावर तरून जातो, तो चांगुलपणा पुष्कळदा इतका लहान असतो, की करणाऱ्याच्या स्मरणातही राहत नाही. दुसऱ्याला उपकाराखाली न आणता मदत करणे फार थोड्यांना जमते. मदत करताना आपला वेग, आपली ताकद आणि आपले कौशल्य हे सगळे समोरच्याच्या नजरेआड ठेवावे लागते, आणि ते शिकवून येत नाही. तुम्ही मुक्कामावर पोहोचल्यावर उशिराचे कारण विचारणाऱ्यांना फक्त ‘स्पोक गेला होता’ एवढेच सांगितलेत; कोणाचा, ते सांगितले नाहीत. तेही माझ्या लक्षात आहे.

आता एक विनंती. त्या चढावर तुमचे क्लीट पुढच्या कडेला पार झिजले, हे मी वर पोहोचल्यावर पाहिले होते. तुमचे पेडल कोणते, ते मी आपल्या एका सहप्रवाशाकडून विचारून घेतले आहे आणि त्याला बसणारी नवी जोडी तुमच्या पत्त्यावर पाठवली आहे. कृपा करून ती परत पाठवू नका. पुढच्या सहलीआधी बसवून घ्या.

आपली कृतज्ञ,
एक सहप्रवासी