पोचमपल्लीला जाण्याआधी

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

साडी घ्यायला पोचमपल्लीला निघालीच आहेस, तर थेट दुकानात शिरू नकोस. हैदराबादपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या या गावात इकत साडी, म्हणजे विणण्याआधीच धागे नक्षीप्रमाणे बांधून रंगवलेली साडी, घरोघरी घडते. आधी विणकरांच्या गल्लीत जा. 'अम्मा, मग्गम चूडोच्चा?' म्हणजे 'माग बघू का?' एवढं तेलुगू पुरे. सोलापूरच्या पद्मशाळी विणकरांची मुळं याच मुलखातली, त्यामुळे मागाची खटखट तुला ओळखीची वाटेल.

माग घराच्या आत असतो, पण खरं कष्टाचं काम आसूवर होतं आणि ते बहुतेक बायकाच करतात. आसू म्हणजे कडेला खुंट्या ठोकलेली अर्धगोल चौकट. मधल्या खुंटीपासून कडेच्या खुंटीपर्यंत बाण्याचा, म्हणजे आडवा धागा नेत-आणत राहायचा. एका साडीसाठी हात सुमारे ९,००० वेळा फिरतो. खांदे जातात ते यातच. आईचे हे हाल पाहून आलेर भागातल्या चिंतकिंदी मल्लेशम यांनी १९९९ मध्ये आसूचं यंत्र तयार केलं आणि त्याला तिचंच नाव दिलं, लक्ष्मी. त्यांना पद्मश्री मिळाली २०१७ साली. फार उशिरा, असं मला मनापासून वाटतं.

मग धाग्यांवर नक्षीच्या खुणा करून, रंग नको तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळतात. फिका रंग आधी, गडद नंतर, आणि दर रंगाला बांधणी नवी. पट्टी सैल राहिली की रंग आत झिरपतो, तो पुन्हा निघत नाही. वाळलेला धागा कांड्यांवर, म्हणजे छोट्या रिळांवर भरतात, आणि आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात कांड्या त्याच क्रमाने जायला हव्यात. एक कांडी चुकली की हत्तीचं डोकं एकीकडे, सोंड भलतीकडे. ताणा (उभे धागे) आणि बाणा दोन्ही असे रंगवलेले असतील तर विणकर दर धागा काठाशी ओढून नक्षी जुळवतो. म्हणून ती साडी महाग. जोराच्या पावसात खड्ड्याच्या मागात पाणी शिरतं, तेव्हा सगळंच ठप्प.

घेताना साडी उलटून बघ. खऱ्या इकतला दोन्ही बाजू सारख्या, छापील मालाची मागची बाजू फिकी. नक्षीच्या कडा किंचित विसकटलेल्या दिसतील. तो दोष समजू नकोस, उलट अगदी रेखीव कड दिसली तर चौकशी कर. नक्षी ताण्यात आहे, बाण्यात की दोन्हींत, हे विचारल्याशिवाय भाव ठरवू नकोस.

विनोबांचं स्मारकही बघ. १८ एप्रिल १९५१ला इथल्या भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावापुढे विचारलं, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. आपल्या गागोद्याच्या माणसामुळे हे गाव भूदान पोचमपल्ली झालं.

फोटो काढण्याआधी मात्र विचार. नवी नक्षी मागावर असताना ती बाहेर गेलेली कोणत्याच विणकराला परवडत नाही.

तुझी,
मीरा