पोटाकडे बोट दाखवणाऱ्या दातांच्या डॉक्टर मॅडमना

स.न.वि.वि.

नौपाड्यातल्या तुमच्या खुर्चीत पहिल्यांदा बसलो, तेव्हा तोंडावर रुमाल धरूनच बोलत होतो. तोंडाच्या वासामुळं लागलेली वर्षभराची सवय. घरी बायको बोलायची नाही, नुसती बडीशेपेची डबी पुढे सरकवायची. ते जास्त लागायचं. लोकलमध्ये मी दाराकडे तोंड करून उभा राहायचो. त्याआधी एका ठिकाणी दोनदा क्लीनिंग झालं होतं, वास तिथंच.

तुम्ही दाढांच्या फटीतून दोरा फिरवलात आणि सरळ स्वतःच्या नाकाजवळ नेलात. मी शरमेनं अर्धा झालो. "वास बहुतेक वेळा तोंडातलाच असतो, आधी इथलं निस्तरू," म्हणालात. हिरड्यांखालचं कीटण काढलंत, जीभ घासायला शिकवलंत. महिन्याभरात हिरड्यांतलं रक्त थांबलं, वास मात्र पुरता जाईना. तेव्हा विचारलंत, "उपाशीपोटी जळजळतं का हो?" दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न! पाच वर्षं ॲसिडिटीची गोळी खातोय, हे मी सांगितलंच नव्हतं.

तुमची चिठ्ठी घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. एंडोस्कोपीत (तोंडातून नळी घालून केलेल्या तपासणीत) काढलेला जठराच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा त्यांनी पिवळ्या जेलमध्ये ठेवला. बघता बघता पिवळ्याचं गुलाबी झालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी! हा जंतू युरियाचा अमोनिया करतो, त्यानं रंग पालटतो. त्याच अमोनियाच्या आडोशानं तो पोटातल्या ॲसिडमध्ये तगतो.

तुम्ही सांगितलेला किस्सा तर मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू चक्क पिऊन टाकले, जठराला सूज आली आणि तोंडालाही घाण वास सुटला. पुढे २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल! माझ्या वाट्याला नुसताच वास.

चौदा दिवसांच्या गोळ्यांनी तोंड कडू जहर झालं. नवव्या दिवशी सोडूनच देणार होतो. रात्री साडेनऊला तुम्हाला फोन केला, तर म्हणालात, "कडवटपणा औषधाचा आहे. अर्धवट सोडलंत तर जंतू निगरगट्ट होतील." हाच जंतू दातांवरच्या कीटणातही सापडतो, म्हणून ब्रशही बदलायला लावलात.

गोळ्या संपल्यावर महिन्यानं जंतू गेलाय का हे बघायला केलेली श्वासाची टेस्ट निगेटिव्ह आली. श्रेय पोटाला की हिरड्यांना? तुम्ही म्हणता, दोघांना वाटून द्या. बडीशेपेची डबी आता मलाच मागून घ्यावी लागते.

आपला,
सहा महिन्यांनी क्लीनिंगला रुमाल न आणता येणारा पेशंट